चाळिशीनंतर बॉक्सिंग: सुरुवात कुठून आणि किती पुढे जावं?

कोथरूडचा_कोपरा
मंडळी, बॉक्सिंग शिकायचं मनात आहे. वय ४६, वजन ८४ किलो, बीपीची एक गोळी रोज, चष्मा मायनस साडेसहा. चालणं नियमित, बाकी व्यायाम शून्य. जिममध्ये गाणी लावून हवेत हात फेकतात तो प्रकार नकोय. कोचच्या हाताखाली नीट शिकायचं आहे. तर, आधी कोणत्या तपासण्या कराव्यात? सामान काय घ्यावं? पहिले तीन महिने काय करावं? या वयात स्पारिंग (जोडीदारासोबत सरावाची लढत) करावं का? आणि हसू नका, पण एखादी तरी अधिकृत लढत खेळता येईल का?

आडवातिडवा
या वयात लोक बुलेट घेतात हो. पडली तर तिला निदान क्रॅशगार्ड असतो.
(बसलोय, चालू द्या.)

नाडीपरीक्षक
ग्लोव्ह्जच्या आधी डॉक्टर. ईसीजी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवत-पळवत काढतात तो ईसीजी. झोपवून काढलेला ईसीजी एकटा पुरत नाही, कारण हृदयाला रक्त कमी पडतंय का हे बऱ्याचदा दम लागल्यावरच दिसतं. सोबत साखर, लिपिड, क्रिएटिनिन. आणि टीएमटी नॉर्मल आली म्हणजे अमरपट्टा मिळाला असं नाही. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं की राउंड अर्धवट सोडायचा.

बीपीची गोळी कोणती ते सांगा. बीटा ब्लॉकर असेल (मेटोप्रोलोल, अटेनोलोल वगैरे) तर नाडी दाबलेली राहते आणि '२२० वजा वय' हे कमाल नाडीचं गणित तुमच्यासाठी फुकट. मग बोलून बघायचं: राउंडनंतरच्या मिनिटभराच्या विश्रांतीत एक पूर्ण वाक्य न अडखळता म्हणता आलं पाहिजे. नाही आलं तर पुढचा राउंड निम्म्या जोराने. लघवी वाढवणारी गोळी असेल तर मे महिन्यात जास्त सावध राहा, घामासोबत मीठही जातं.

डोळे सर्वात महत्त्वाचे. सहाच्या वर मायनस नंबर म्हणजे बुबुळापासून पडद्यापर्यंतचं अंतर लांबलेलं आणि कडेला पडदा पातळ झालेला. डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून पडद्याच्या कडा तपासून घ्या. तिथे छिद्र किंवा जाळीसारखा पातळ भाग निघाला तर स्पारिंगचा विषय तिथेच मिटला. नंबर काढायला लॅसिक केलेल्यांनी लक्षात ठेवा, त्यातलं पापुद्र्यासारखं झाकण फटक्याने सरकू शकतं.

इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यातलं रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर डोक्याला मार लागेल असं काहीच करायचं नाही. बॅग, पॅड (कोचच्या हातातल्या गाद्यांवर मारणं), शॅडो (हवेत ठोसे मारायचा सराव) यांना डॉक्टरांच्या परवानगीने हरकत नसते.

डावखुरी_सई
सामानाचं मी सांगते. सगळं एकदम घेऊ नका, पहिल्या दिवशी फक्त हँड रॅप आणि दोरी लागते.

रॅप, म्हणजे आपल्याकडे सगळे बँडेज म्हणतात ते, १८० इंची घ्या (साधारण साडेचार मीटर), किंचित ताणला जाणारा. १०८ किंवा १२० इंची मोठ्या हाताला पुरत नाही. बोटं पूर्ण फाकवून बांधायचं. मूठ वळून बांधलं तर नंतर हात सुन्न पडतो. लूप अंगठ्यात, मग हाताच्या मागच्या बाजूने मनगटाकडे. मनगटाला तीन वेढे, बोटांच्या गाठींवर तीन वेढे. मग मनगटावरून सुरू करून करंगळी आणि अनामिकेच्या मधून, परत मनगट; अनामिका आणि मधल्या बोटाच्या मधून, परत मनगट; मधलं बोट आणि तर्जनीच्या मधून, परत मनगट. अंगठ्याला एक वेढा, उरलेलं गाठींवर आणि शेवट मनगटावर वेल्क्रो. बांधून झाल्यावर हात उघडा ठेवला की जरा सैल वाटलं पाहिजे आणि मूठ वळली की घट्ट. नखं निळी दिसली तर सोडून पुन्हा.

नवशिक्यांचा मनगटाचा वेढा हमखास कमी पडतो, कारण सगळं कापड गाठींवर संपवतात. दुखावतं मात्र मनगट.

ग्लोव्ह्ज: बॅग आणि पॅडला १२ औंस, तुमच्या वजनाला स्पारिंगसाठी १६ औंस. एकच जोडी घ्यायची तर १६, पण तीच रोज बॅगेवर ठोकली की आतला फोम बसतो आणि मग ती समोरच्याच्या तोंडावर वापरणं चुकीचं. वेल्क्रोवालेच घ्या, लेसचे बांधायला दुसरं माणूस लागतं.

चालढकल
सई, +१. बुटांचं राहिलं. धावायचे बूट घालून बॉक्सिंग करू नका. टाच जाड असते, त्यामुळे वजन पुढे ढकललं जातं, आणि तळव्याला पकड जास्त असते. हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारताना पुढचा पाय फिरायला हवा. रबरी मॅटवर बूट चिकटून राहिला की पिळा गुडघ्याला बसतो. बॉक्सिंगचे बूट लगेच नको असतील तर सपाट, पातळ तळव्याचे बॅडमिंटनचे जुने, झिजलेले बूट चालतात.

खडूसराव
पहिल्या तीन महिन्यांबद्दल. चांगला कोच पहिले दोन आठवडे बॅगेला हात लावू देत नाही. कंटाळा येतो, येऊ द्या.

उभं राहणं: उजव्या हाताचे असाल तर डावा पाय पुढे. पाय खांद्याएवढे लांब आणि थोडे तिरके. पुढची टाच आणि मागचा अंगठा एकाच सरळ रेषेवर आले तर बाजूने हलक्या धक्क्यानेही तोल जातो. मागची टाच इंचभर वर. हनुवटी खाली, कोपरं बरगड्यांना लागून. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा आधी, डावीकडे जाताना डावा आधी. पाय एकमेकांजवळ येऊ द्यायचे नाहीत. हे एवढंच आरशासमोर दोन-दोन मिनिटं.

मग जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. मूठ सैल. हनुवटीपासून सरळ निघते, शेवटच्या वीतभर अंतरात तळवा जमिनीकडे वळतो, त्याच क्षणी मूठ आवळायची, खांदा वर येऊन हनुवटीला टेकतो, आणि हात ज्या रेषेत गेला त्याच रेषेत परत. चाळिशीच्या पुढे इथे तीन गोष्टी चुकतात. परत येताना हात छातीच्या उंचीवर येतो, कारण खांदा दमलेला असतो. कोपर बाहेर उघडतं, कारण खांद्याचा सांधा जाम असतो. आणि शॅडो करताना कोपर पूर्ण ताणून लॉक होतं. हवेत अडवायला काही नसतं, सगळा झटका सांध्यावर, आठवड्याभरात कोपर दुखायला लागतं. शॅडोत हात पाच टक्के वाकलेलाच ठेवायचा.

आकडे पाठ करा, कोच पॅडवर आकडेच ओरडतो: १ जॅब, २ क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), ३ पुढचा हुक, ४ मागचा हुक, ५ पुढचा अपरकट (खालून वर मारलेला ठोसा), ६ मागचा अपरकट. पहिला महिना फक्त १ आणि १-२. दुसऱ्यात ३ आणि बचाव, म्हणजे स्लिप (डोकं बाजूला सरकवणं), पॅरी (ठोसा हाताने बाजूला ढकलणं), ब्लॉक. अपरकट तिसऱ्या महिन्यात. कमरेचा गोतावळा सुटल्याशिवाय अपरकट शिकवला की माणूस पाठ मागे वाकवून मारतो आणि कंबर धरून बसतो.

आडवातिडवा
'कमरेचा गोतावळा'. खडूसराव, दंडवत. आमचा गोतावळा वर्षानुवर्षं एकत्र नांदतोय, सुटायचं नाव नाही.

कोथरूडचा_कोपरा
नाडीपरीक्षक, गोळी टेल्मिसार्टन आहे, ४० ची. आठवड्यातून किती दिवस करावं? एक बॅच रोज सकाळी सहाला असते, सोमवार ते शनिवार.

नाडीपरीक्षक
टेल्मिसार्टन नाडीला धक्का लावत नाही, तेव्हा नाडीचं गणित चालेल. पण मारताना श्वास रोखू नका. श्वास कोंडून जोर लावला की बीपी त्या क्षणापुरतं भलतंच वर जातं. प्रत्येक ठोशाला नाकातोंडातून 'स्स्' असा छोटा उच्छ्वास. पॅडवाला कोच आवाज ऐकतो, तो यासाठीच.

खडूसराव
तीन दिवस. सोम-बुध-शुक्र. स्नायू दोन दिवसांत सावरतात, कंडरा आणि सांधे हळू सावरतात. चाळिशीत अडचण त्यांचीच असते. दम आणि ताकद सहा आठवड्यांत वाढलेली जाणवते, जोर वाढवावासा वाटतो, आणि नेमकं तेव्हाच खांदा किंवा टाचेची शीर जाते.

तासाचा हिशोब साधारण असा: दहा मिनिटं अंग मोकळं करणं (खांदे, घोटे, कंबर), एक-एक मिनिटाच्या तीन दोऱ्या, शॅडोचे दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, पंधरा मिनिटं तंत्र, बॅग किंवा पॅडचे दोन मिनिटांचे चार राउंड, मध्ये पूर्ण मिनिट विश्रांती, शेवटी दहा मिनिटं शांत. मोठ्यांची अधिकृत लढत तीन मिनिटांच्या तीन राउंडची असते, म्हणून टायमर तीनवर लावून ठेवतात. तुम्ही दोन मिनिटांला थांबा. तिसऱ्या मिनिटात हात खाली येतात आणि ते खाली आलेले हातच सवय बनतात.

चालढकल
दोरीबद्दल खडूसरावांशी असहमत. ८४ किलो वजन, सेहेचाळीस वय, चालण्याशिवाय व्यायाम नाही, अशा माणसाला पहिल्या आठवड्यात दोरी देऊ नये. आधी तीन-चार आठवडे पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली: दोन पायांवर पंधराचे तीन सेट, मग एका पायावर. एका पायावर सलग वीस झाले की दोरी. तीही फरशीवर नाही. लाकडी जमीन किंवा रबरी मॅट. दोरीच्या मध्यावर पाय दिला की मुठी काखेपर्यंत आल्या पाहिजेत. लांब दोरी असली की उंच उडी मारावी लागते.

खडूसराव
मान्य. फक्त दोरीऐवजी जागच्या जागी वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत उसळणं तरी द्या, नाहीतर फुटवर्कला लयच येत नाही. जमिनीपासून कागद सरकेल एवढंच उठायचं.

मुद्गलप्रेमी
इथे कुणी तालमीचं नाव काढेना म्हणून लिहितो. हलका मुद्गल, दोन-तीन किलोचा, डोक्यामागून फिरवणं हा खांदा मोकळा करण्याचा उत्तम उपाय. बॉक्सिंगमध्ये सगळं पुढे ढकलणं असतं, त्यामुळे छाती आखडते आणि खांदे पुढे झुकतात. तेवढंच मागे ओढायचं कामही हवं: रबर बँड किंवा डंबेलने रोइंग. सपाट्या जोर सुरुवातीला मुठींवर मारू नका, लोक हाडं घट्ट करायच्या नादात मनगट घालवतात. ज्यांना साखर आहे त्यांनी खांद्याकडे जास्त लक्ष द्या, मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. हात पाठीमागे नेऊन शर्ट खोचता येत नसेल तर हुक शिकायची घाई नको.

निळी_चिमणी
अवांतर विचारते. घरी बॅग टांगली तर? तिसरा मजला, हॉलमध्ये जागा आहे. आमचे ओळखीचे म्हणतात वाळू भरून घ्या, स्वस्तात होतं.

डावखुरी_सई
वाळू अजिबात नको! वाळू खाली बसते. वर रिकामं कापड आणि खाली दगड. खालच्या भागावर बॉडी शॉट मारला की मनगट गेलंच. चिंध्या भरायच्या, जुने सुती कपडे. चेन, बटणं, हुक कापून काढायचे. अर्धा फूट थर झाला की लाकडी दांड्याने ठेचायचा, मग पुढचा थर. न ठेचता भरली तर महिन्याभरात वरचा भाग पोकळ होतो. चार फुटी बॅग अशी साधारण तीस-पस्तीस किलोची होते, तुमच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ठीक. वजन वाढवायचंच असेल तर वाळूच्या लहान पिशव्या पक्क्या बांधून बरोब्बर मध्यभागी, चहूबाजूंनी चिंध्या.

टांगताना फॉल्स सीलिंगला नाही, खिडकीच्या ग्रिलला नाही. आरसीसी स्लॅबमध्ये अँकर फास्टनर, शक्यतो चार बोल्टची प्लेट. लोंबकळत्या बॅगेचा झटका तिच्या वजनाहून बराच जास्त असतो. चेनमध्ये स्प्रिंग घाला. खालचं टोक कमरेच्या जरा खाली.

आडवातिडवा
आणि स्प्रिंग घातली तरी स्लॅबमधून आवाज चौथ्या मजल्यावर जातोच. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी राहत असतील तर फुकटात स्पारिंग पार्टनर मिळेल.

निळी_चिमणी
:D घरात शॅडोच करेन म्हणते.
आणखी एक. वडील ६८, पार्किन्सन्स आहे. त्यांच्यासाठी यातलं काही?

नाडीपरीक्षक
आहे. अमेरिकेत इंडियानापोलिसला २००६ मध्ये 'रॉक स्टेडी बॉक्सिंग' नावाचा उपक्रम खास पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी सुरू झाला. त्यात कुणीही कुणाला मारत नाही. बॅग, पॅड, पावलं, मोठ्याने आकडे म्हणणं. मोठ्या हालचाली, तोल आणि दिशा बदलणं यांचा सराव होतो. वडिलांच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारून, पडण्याचा धोका बघून, शेजारी एक माणूस उभा ठेवून करा. औषधाचा अंमल चांगला असतो ती वेळ निवडा.

कोथरूडचा_कोपरा
मूळ प्रश्नावर येऊ का? स्पारिंग. हेडगार्ड घातलं की डोकं सुरक्षित ना?

डावखुरी_सई
नाही! हा मोठा गैरसमज आहे. हेडगार्ड भुवई फुटणं, कान, गालाची सूज, डोक्याला डोकं आपटणं यापासून वाचवतं. कवटीच्या आत मेंदू हलतो तो फोमने थांबत नाही. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांमधून २०१३ पासून हेडगार्ड काढलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला पुरुष त्याशिवाय लढले.

खडूसराव
म्हणून काढून ठेवू नका. त्या स्पर्धकांना मार टाळता येतो. नवशिक्यांच्या स्पारिंगमध्ये डोकी आपटण्याचंच प्रमाण जास्त. दिसण्यात अडथळा आणणारं, गाल पूर्ण झाकणारं जाड हेडगार्ड मात्र नको. बाजूचा हुक दिसत नाही आणि न दिसलेला ठोसा सर्वात वाईट.

नाडीपरीक्षक
दोघांचं बरोबर. वयाचा मुद्दा राहिला. वाढत्या वयात मेंदू किंचित आकसतो, त्यामुळे मेंदू आणि बाहेरच्या आवरणामधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. मग फार जोरात न बसलेल्या फटक्यानेही त्यातली एखादी फुटू शकते. रक्तस्राव हळू असेल तर लक्षणं काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी येतात: वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलताना शब्द न सापडणं, एका बाजूला पाय ओढणं. असं काही दिसलं तर 'झोप झाली नसेल' म्हणू नका, त्याच दिवशी सीटी स्कॅन. घरच्यांनाही ही यादी सांगून ठेवा, कारण माणसाला स्वतःला कळत नाही. उतरत्या वयात हे जास्त घडतं, पण पन्नाशीच्या जवळचा माणूस विशीतल्यासारखा नाही एवढं धरून चला.

डोक्याला मार बसून गरगरलं, मळमळलं, राउंड आठवेना, तर त्या दिवशी सराव बंद. लढतीत डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झालेल्याला अधिकृत नियमांत कमीत कमी ३० दिवस रिंगबंदी असते, ती काही उगाच नाही.

खडूसराव
तर स्पारिंग असं. सहा महिन्यांच्या आत नाही. आधी अटींचं स्पारिंग: एक जण फक्त जॅब मारणार, दुसरा फक्त अडवणार, दोन मिनिटांनी अदलाबदल. मग दोघं फक्त जॅब. मग फक्त अंगावर, डोकं बाद. यातच वर्ष जातं आणि बॉक्सिंगचा बहुतेक आनंद यातच आहे. डोक्यावर मोकळं स्पारिंग केलंच पाहिजे असं नाही. न करताही माणूस उत्तम बॉक्सिंग करू शकतो. जोडीदार निवडताना वजनाआधी त्याचा ताबा बघा. विशीतला, नवा, उत्साही मुलगा सर्वात धोकादायक. जुना स्पर्धक सर्वात सुरक्षित, तो मूठ टेकवतो आणि पुढे जातो.

लेस्टरकर
स्पारिंगशिवाय बॉक्सिंग म्हणजे पाण्यात न उतरता पोहणं, असं माझं ठाम मत. अंतर कळतच नाही. पॅडवाला परत मारत नाही.

खडूसराव
पॅडवाला परत मारत नसेल तर पॅडवाला बदला. प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या कॉम्बिनेशननंतर पॅडने हलकी टपली मारून गार्ड तपासणं हे त्याचं कामच आहे.

लेस्टरकर
टपलीचं मान्य :)
अधिकृत लढतीबद्दल: आंतरराष्ट्रीय नियमांत मोठ्यांचा गट १९ ते ४० वयाचा. मेरी कोमने २०१८ मध्ये दिल्लीत सहावं जागतिक सुवर्ण जिंकलं, पण जानेवारी २०२४ मध्ये तिनेच सांगितलं की खेळायची भूक आहे, वयाची अट आडवी येते. तिथे आपली काय कथा. अमेरिकेत यूएसए बॉक्सिंगचा मास्टर्स गट आहे, पस्तिशीच्या पुढच्यांसाठी, आणि दोघांच्या वयात १० वर्षांहून जास्त फरक चालत नाही. तिकडच्या मराठी मंडळींना तो रस्ता खुला आहे. इंग्लंडात 'व्हाइट कॉलर' लढती होतात, नोकरदार नवशिक्यांच्या. ही टूम मुळात १९८०च्या दशकाअखेरीस न्यूयॉर्कच्या ग्लीसन्स जिममधून आली. उतरण्याआधी विचारा: रिंगपाशी डॉक्टर आहे का, वजन प्रत्यक्ष करतात का, जोड्या कोण लावतं, रेफ्री लढत किती लवकर थांबवतो. आठ आठवड्यांच्या तयारीवर माणसं उभी करतात तिथे मी कुणालाही जा म्हणणार नाही.

आडवातिडवा
जॉर्ज फोरमन ४५ व्या वर्षी हेवीवेट चॅम्पियन झाला होता ना १९९४ ला? कोथरूडकर, एकच वर्ष उशीर.

डावखुरी_सई
तो १९६८ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता होता हो, ४५ व्या वर्षी पहिला जॅब नव्हता मारत.

कोथरूडचा_कोपरा
समजलं. लढत बाद. कोच कसा ओळखावा? आणि चष्म्याचं काय?

खडूसराव
फी भरण्याआधी एक पूर्ण तास बाकावर बसून बघा. एनआयएसचा (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोर्स केला आहे का विचारा, पण त्यावर थांबू नका. बघायचं हे: नव्या माणसाला तो पायांपासून सुरू करतो की थेट बॅगेला लावतो. दमलेल्याला थांबवतो की ओरडून पळवतो. स्पारिंग चालू असताना त्याची नजर रिंगमध्ये आहे की मोबाइलमध्ये. गमशील्ड (दातांवर बसवायचं संरक्षक) विसरलेल्याला रिंगमध्ये सोडतो का. सोडत असेल तर चप्पल घालून घरी या. पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, देविका घोरपडेसारखी २०२२ ची यूथ वर्ल्ड चॅम्पियन याच शहरातली, तेव्हा जाणत्या माणसांचा दुष्काळ नाही. 'मला स्पर्धा नको, तंत्र हवं' हे पहिल्याच दिवशी सांगा.

नाडीपरीक्षक
चष्मा नाही. सॉफ्ट लेन्स चालतात, हार्ड नाहीत. पण आधी पडद्याची तपासणी. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं, अचानक काळे ठिपके किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, रविवार असला तरी.

चालढकल
गमशील्डचं राहतंय. गरम पाण्यातलं घेत असाल तर: पाणी उकळून गॅस बंद, अर्धा मिनिट थांबा, पाकिटावर लिहिलेत तेवढेच सेकंद बुडवा, क्षणभर हवेत धरा, वरच्या दातांवर बसवून चावा, जीभ टाळूला लावून आत ओढा, बाहेरून ओठांवरून बोटांनी दाबा, मग गार पाण्यात. तोंड उघडल्यावर आपोआप पडलं तर बसलं नाही, पुन्हा करा. जास्त वेळ बुडवलं की कडा वितळून पातळ होतात. कॅप, ब्रिज किंवा इम्प्लांट असेल तर हा उद्योग नको, डेंटिस्टकडून माप देऊन करून घ्या.

मुद्गलप्रेमी
वाखुसा (वाचनखूण साठवली). पावसाळ्यात ग्लोव्ह्जला बुरशी लागते त्याला काय करावं?

डावखुरी_सई
बॅगेत बंद ठेवायचे नाहीत, हे पहिलं. घरी आल्या आल्या आतून कोरड्या कापडाने पुसायचे, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तोंड वर करून पंख्याखाली. दोन तासांनी बोळे बदलायचे. उन्हात कडक वाळवू नका, रेक्झिन तडकतं आणि चामडं आकसतं. रॅप दर वेळी धुवायचे, जाळीच्या पिशवीत घालून, नाहीतर मशीनमध्ये बाकी कपड्यांना गुंडाळून बसतात. आणि जिमचे सार्वजनिक ग्लोव्ह्ज वापरायची वेळ आलीच तर आत रॅप हवाच, गजकर्ण फुकट मिळतं तिथे.